‘छान आहे, जरा लांब आहे’

ताई, नमस्कार. मी 29 वर्षांची आहे, नाशिकला एका पतसंस्थेत नोकरी करते. प्रेमाचे सिनेमे म्हणजे माझा जीव की प्राण. ‘डीडीएलजे’ची तर पारायणं झाली आहेत. आई म्हणते, सिनेमे बघून बघून तुझं डोकं फिरलंय, म्हणून एक स्थळ पसंत पडत नाही. सध्या एका मुलाशी भेटीगाठी चालू आहेत. पाणीपुरवठ्यात इंजिनिअर आहे. शांत, सरळ. पण ताई, काही होतच नाही! धडधड नाही, हुरहुर नाही. मी त्याला ‘डीडीएलजे’ बघायला सांगितला (त्याने आजवर बघितलाच नव्हता!!) तर दोन दिवसांनी मेसेज आला, ‘बघितला. छान आहे, जरा लांब आहे.’ मी फोनच बंद करून ठेवलाय. (तसा तो दर भेटीनंतर मला स्टॉपपर्यंत सोडायला येतो, बस सुटेपर्यंत थांबतो, पण बोलत काही नाही.) मी सिनेमे बघणं सोडू का? की याला नाही म्हणू? आणि सोडायचे नसतील, तर माझ्यासारख्या हाताबाहेर गेलेल्या प्रेमवेडीसाठी तुमचे आवडते सिनेमे सांगा ना. आणि त्याला पुढचा कुठला दाखवू?
— वेडी, नाशिक

प्रिय वेडी,

आधी तो फोन चालू कर. मुलगा खरं बोललाय. ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ तीन तास नऊ मिनिटांचा आहे, त्याला लांब नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? तू सांगितलंस म्हणून एका माणसानं ऑफिस सांभाळून दोन दिवसांत तो पुरा केला आणि मनात आलं ते तसंच कळवलं. यूट्यूबवर नुसती गाणी बघून बदामांची रांग पाठवणारे कमी नसतात. तेव्हा या मेसेजवरून त्याला नापास करू नकोस. पासही करू नकोस. त्याच्याकडे नंतर येते.

आईंचं म्हणणं मनाला लावून घेऊ नकोस. सिनेमानं पोरी बिघडतात, हे प्रत्येक पिढीनं पुढच्या पिढीला ऐकवलेलं आहे. तुझ्या वयावरून अंदाज बांधते. 1988 साली ‘कयामत से कयामत तक’ आला आणि 1989 सरता सरता ‘मैंने प्यार किया’, तेव्हा त्या कॉलेजच्या वयात असणार. एखाद्या दुपारी भाजी निवडता निवडता सहज विचार, ‘तू गं कुणाबरोबर बघितलेलास?’ उत्तर मिळेलच असं नाही. पण डोकं फिरल्याचा विषय त्या दिवसापुरता तरी बंद होईल.

सिनेमे सोडायचं काही कारण नाही. तू सिनेमे जास्त बघतेस असं मला वाटत नाही. तू सिनेमांचा पहिला अर्धा तास जास्त बघतेस. नजरानजर, वारा, ओढणी, व्हायोलिनं, आणि मग ती धडधड. मलाही हे सगळं आवडतं, सोवळं नेसून बोलत नाहीये. पण धडधड दाखवणं दिग्दर्शकाला फार जड जात नाही, चांगला संगीतकार गाठला की निम्मं काम झालं. त्यानंतर ती दोघं एकमेकांसाठी नेमकं काय करतात आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे दाखवताना भल्याभल्यांची त्रेधा उडते. माझ्या आवडीचे सिनेमे तिथे डगमगत नाहीत. क्रमांक लावून यादी देणार नाही, आठवतील तसे सांगते.

तुझ्या लाडक्या सिनेमापासूनच सुरुवात करू. पारायणं केलीस ना, मग सांग, त्यातला सगळ्यात प्रेमाचा प्रसंग कुठला? मोहरीचं शेत म्हणशील. मला विचारशील तर फरीदा जलालचा. बाईच्या वाट्याला लहानपणापासून कसा त्यागच येत गेला, हे ती आई मुलीला सांगते. मुलगी झाली तेव्हा हिच्या बाबतीत असं होऊ देणार नाही, असं तिनं मनाशी ठरवलेलं असतं, आणि आज तीच मुलीकडे तिचं सुख मागायला आलेली असते. पुढे हीच आई दागिने हातात देऊन दोघांना पळून जा म्हणते, तर राज नको म्हणतो. त्याला बापाच्या हातून मुलगी हवी. इथे मी दर वेळी चिडते. मुलीच्या आईनं होकार दिलेला असतो, मुलीनं दिलेला असतो, तरी सगळी गाडी अडते ती बापाच्या मुठीपाशी! शेवटी स्टेशनावर ती मूठ सुटते आणि थिएटर टाळ्या वाजवतं. (ते पंजाबातलं म्हणून दाखवलेलं स्टेशन आपल्या रायगड जिल्ह्यातलं आहे बरं का, पनवेलजवळचं आपटा.) मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरात 1995 च्या ऑक्टोबरात लागलेला हा सिनेमा 2014 च्या डिसेंबरात हजार आठवड्यांचा झाला. त्या टाळ्यांमध्ये बापांच्या टाळ्या किती असतील, हा माझा जुना प्रश्न आहे. पुढच्या पारायणाला नायकाऐवजी त्या आईकडे बघ. सिनेमा वेगळाच दिसतो.

आता तुझ्या पत्राला थेट लागू पडणारा सिनेमा. बासू चटर्जींचा ‘रजनीगंधा’, 1974 चा, मन्नू भंडारींच्या ‘यही सच है’ या कथेवरून केलेला. दिल्लीत दीपा आहे, म्हणजे विद्या सिन्हा, आणि तिचा संजय, म्हणजे आपले अमोल पालेकर. संजय नेहमी उशिरा येतो, आला की ऑफिसातल्या बढतीचं पुराण लावतो, दिलेला शब्द विसरतो, आणि हातात मात्र निशिगंधाची फुलं असतात. मग दीपा मुलाखतीसाठी मुंबईला येते आणि तिथे तिला कॉलेजातला जुना नवीन भेटतो. हा वेळेवर येणारा, तिच्या कामासाठी धावपळ करणारा, केस वाढवलेला, गॉगलवाला. तुझी ती धडधड त्याच्याबरोबर हजर. टॅक्सीच्या मागच्या सीटवर दोघं बसलेली, मधे थोडीशी जागा, खिडकीतून वारा, आणि मागे मुकेशचं गाणं (त्या गाण्यासाठी मुकेशला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला). तिला वाटत असतं की त्यानं काही बोलावं, निदान हात तरी पुढे करावा. तो बोलत नाही, हातही करत नाही. सगळं तिच्या मनात घडतं. अख्ख्या हिंदी सिनेमात धडधडीचं इतकं खरं चित्रण मला दुसरीकडे क्वचित दिसलं. त्यात समोरच्या माणसाचा वाटा किती आणि बघणारीचा किती, याचा हिशोब दिग्दर्शक आपल्यासमोर मांडून ठेवतो.

शेवटी दीपा दिल्लीला परतते. नवीनचं पत्र येतं ते नोकरीचं, त्यात मनातलं एक अक्षर नाही. आणि तेवढ्यात दारात संजय, फुलं घेऊन, बढतीची बातमी घेऊन. ती त्याला बिलगते.

‘बघ, साधा मुलगाच बरा’ असा याचा अर्थ लावणारे लोक तुला भेटतील. मला तो पटत नाही. जे जवळ आहे, ज्याचा स्पर्श आत्ता होतोय, ते खरं वाटतं, एवढंच ती गोष्ट म्हणते. पत्र वेगळं आलं असतं तर दीपानं काय केलं असतं, हे सांगायला बासूदा थांबत नाहीत. संजय उद्याही उशिरा येणार, हेही त्यांना ठाऊक आहे. त्यामुळे हा सिनेमा बघून त्या इंजिनिअरला हो म्हणशील तर मला आवडणार नाही. एवढ्यासाठी बघ, की तुझ्या धडधडीचं काय करायचं हे तुझं तुला कळावं.

याच जोडीचा ‘छोटी सी बात’ (1976) बहुतेक तू बघितला असशील. बसस्टॉपवर रोज तिच्यामागे उभा राहणारा, तोंडातून शब्द न फुटणारा अरुण, स्कूटर उडवत मधे घुसणारा असरानी, आणि खंडाळ्याला पोरांना प्रेमाचे धडे देणारे कर्नल अशोककुमार. मी याची चाहती आहे, पण आजच्या मुलींना दाखवताना एक गोष्ट सांगूनच दाखवते. अरुण तिच्या मागे मागे फिरतो, ऑफिसपर्यंत जातो. हे गोड वाटतं, कारण प्रभाला सगळं दिसत असतं आणि तिला मजा वाटत असते. तिच्या चेहऱ्यावरचं ते दाबलेलं हसू काढून टाक, की उरतो तो नुसता पाठलाग. आपल्या सिनेमांनी हे हसू काढून टाकून शेकडो नायक उभे केले. ती नाही म्हणते, हा गाणं म्हणतो, ती परत नाही म्हणते, हा हाताची नस कापतो, आणि मध्यंतरापर्यंत ती विरघळते. असले सिनेमे प्रेमाचे म्हणून माझ्याकडे मागू नकोस. त्यांची गाणी कितीही गोड असोत.

मराठीत तुझ्यासारख्या कांदेपोह्यांच्या फेऱ्यात असलेल्यांसाठी दोन हलकेफुलके आहेत. सतीश राजवाडेंचा ‘मुंबई-पुणे-मुंबई’ (2010) तुला पाठ असेल. मुंबईची मुलगी स्थळ बघायला नाखुशीनं पुण्यात येते आणि एका अनोळखी मुलाबरोबर दिवसभर भांडत फिरते. मुक्ता बर्वे, स्वप्नील जोशी आणि बाकी नुसती बडबड, पात्रांना नावंसुद्धा नाहीत! दुसरा परेश मोकाशींचा ‘चि. व चि. सौ. कां.’ (2017). जनावरांची डॉक्टर असलेली सावित्री स्थळ बघायला आलेल्या मुलापुढे अट घालते की आधी काही दिवस एकत्र राहून बघू, मग लग्नाचं ठरवू. मुलगा सौरऊर्जेच्या नादानं झपाटलेला, घरात एक दिवा जास्त जळला तरी ज्याचा जीव खालीवर होतो असा. सिनेमा मधेमधे पसरट होतो, पण त्याचा प्रश्न पक्का आहे: माणूस आवडणं आणि माणसाबरोबर राहता येणं यांत अंतर किती? आणि लग्न झालेल्या एखाद्या मैत्रिणीला ‘डबल सीट’ (2015) सुचव. नवीन जोडपं, मुंबईतलं टीचभर घर, भरलेलं कुटुंब, दोघांना बोलायला कोपरा नाही. आपल्याकडे प्रेमाला जातीइतकीच जागेची अडचण असते, हे ‘घरौंदा’नं 1977 सालीच दाखवलं होतं, पण ‘डबल सीट’मधली दोघं एकमेकांचा हात सोडत नाहीत.

‘सैराट’वर तू एक ओळही लिहिली नाहीस, याचं मला आश्चर्य वाटलं. बहुतेक शेवटामुळे टाळत असशील. समजू शकते. शेवटाबद्दल मी बोलत नाही, तो बघितलेल्यांना सांगायची गरज नाही आणि न बघितलेल्यांना सांगायचा नसतो. पण मध्यंतरानंतरचा भाग परत बघ. पहिल्या भागात करमाळ्याच्या आसपासचा तो सगळा मुलूख, विहिरी, ऊस, बुलेटवर बसलेली आर्ची आणि अजय-अतुलचा तो अवाढव्य वाद्यवृंद. त्यासाठी ते लॉस एंजेलिसला जाऊन सुरावट ध्वनिमुद्रित करून आले होते. आणि मग हैदराबाद. गाणी संपतात. पत्र्याची खोली, बाहेर घाण, भाषा कळत नाही, बंगल्यात वाढलेल्या मुलीला धड स्वयंपाक येत नाही. ती घरच्या आठवणीनं रडते, चिडते, मग बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते, तेलुगू बोलायला शिकते. परश्या संशय घेतो, हात उचलतो, ती निघून स्टेशनवर जाते. आणि परत येते. नागराज मंजुळे यांनी हा सगळा भाग एकाही गाण्याशिवाय ओढून नेला आहे. 2016 मध्ये ‘झिंगाट’वर थिएटरात नाचणारी पोरं इथे गप्प व्हायची. माझ्या लेखी ‘सैराट’ची प्रेमकथा इथे सुरू होते, कारण आता दोघांकडे एकमेकांशिवाय काही उरलेलं नाही आणि एकमेकं पुरत नाहीत, हेही त्यांना कळलेलं आहे.

‘जोगवा’ (2009) बघायला थोडी छाती लागते. राजीव पाटील यांचा सिनेमा, राजन गवस यांच्या कादंबऱ्यांवरून. केसात जट निघाली म्हणून सुलीला देवीला सोडतात, तायप्पाला जोगता करून लुगडं नेसवतात. मुक्ता बर्वे आणि उपेंद्र लिमये. ज्याच्याकडून पुरुष असणंच काढून घेतलंय असा पुरुष, जिच्याकडून संसाराचा हक्क काढून घेतलाय अशी बाई, आणि ती दोघं एकमेकांकडे माणूस म्हणून बघायला लागतात. ‘जीव रंगला’ तू लग्नाच्या व्हिडिओंमध्ये शंभर वेळा ऐकलं असशील. हरिहरन आणि श्रेया घोषाल, दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो याच गाण्यासाठी. एकदा ते सिनेमात, त्याच्या जागी बघ. लुगडं नेसलेला तो पुरुष तिच्यासमोर किती अवघडलेला आहे ते बघ. लग्नाच्या व्हिडिओत ते गाणं लावणाऱ्यांची मग गंमत वाटायला लागते.

जुन्यातलं एकच सांगते. प्रभातचा ‘माणूस’, 1939. गणपत हवालदार छाप्यात सापडलेल्या मैनेला वाचवतो आणि तिच्यात गुंततो. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर. त्या काळात ‘देवदास’नं सगळ्या देशाला दारू पिऊन झुरायला शिकवलं होतं. दिग्दर्शक शांतारामबापूंना ते मान्य नव्हतं. प्रेमात सगळं गेलं तरी माणसानं जगायचं असतं, हे सांगायला त्यांनी हा सिनेमा काढला, आणि जाता जाता तेव्हाच्या सिनेमातल्या झाडांभोवतीच्या प्रेमालापांची भर सिनेमात टिंगलही करून घेतली. गणपत मैनेला घरी, आईकडे घेऊन येतो, ती उंबरठा ओलांडायला कचरते, तो प्रसंग बघ. तो मनापासून तिला आत बोलावतोय, पण आत जायची किंमत एकट्या तिला मोजायची आहे, हे तिला कळतं, त्याला कळत नाही. ‘कशाला उद्याची बात’ आजही आपण गुणगुणतो, पण कुणाच्या तोंडी आहे ते विसरून.

किंमत एकाच बाजूला कशी पडते, हे आजच्या मुंबईत बघायचं असेल तर रोहेना गेरा यांचा ‘सर’ (2018). रत्ना खेड्यातली मराठी विधवा, मुंबईतल्या उंच इमारतीत घरकाम करते. गावाहून निघाली की वाटेत हातात बांगड्या चढवते, कारण गावात त्या घालायची सोय नाही. तिला शिवणकाम शिकून कपड्यांची डिझायनर व्हायचंय. मालक अश्विन भला माणूस आहे. त्याला वाटतं, प्रेम आहे तर अडचण काय? अडचण काय ते रत्नाला पक्कं माहीत असतं, कारण बोलणी तिला खावी लागणार असतात, त्याला नाही. तिलोत्तमा शोमनं हे सगळं पदर सारखा करता करता, ट्रे उचलता उचलता दाखवलंय. दोघांमधली एक भिंत आणि एक दरवाजा, एवढ्यावर सिनेमा उभा आहे. आणि अख्खा सिनेमाभर ती त्याला ‘सर’ म्हणते. शेवटी काय म्हणते ते बघ. तिथे मी पाणी आवरू शकत नाही, सांगून ठेवते.

‘लंचबॉक्स’ (2013) तुला माहीत असणारच. चुकून दुसऱ्याकडे गेलेला डबा आणि त्यातल्या चिठ्ठ्या. लोक इरफान आणि निम्रतबद्दल बोलतात. मी वरच्या मजल्यावरच्या देशपांडे काकूंबद्दल बोलते. त्या एकदाही दिसत नाहीत, भारती आचरेकरांचा नुसता आवाज आणि खिडकीतून खाली येणारी टोपली. नवरा वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेला, वरच्या पंख्याकडे बघत पडलेला. तो पंखा बंद पडू नये म्हणून काकूंचा सगळा आटापिटा, एकदा तर चालता पंखा पुसून काढतात! ही गोष्ट आपल्याला जाता जाता, दोन-चार वाक्यांत कळते. त्या सिनेमातली सगळ्यात मोठी प्रेमकहाणी त्या न दिसणाऱ्या घरात आहे, असं माझं मत आहे. वाद घालायला तयार आहे.

आणि अलीकडचा, माझा सगळ्यात लाडका: रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’. 2025 साली अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परीक्षक मंडळाचं मोठं पारितोषिक मिळवून आलेला मराठी सिनेमा. वडील गेल्यावर आनंद मुंबईहून गावी येतो, दहा दिवसांच्या सुतकासाठी. घरात नातेवाईक, हे खायचं नाही, ते घालायचं नाही, आणि जो येतो तो विचारतो, लग्न कधी करणार? आनंदला मुलगे आवडतात. गावात लहानपणचा मित्र बाळ्या आहे. शेळ्या, रान, निवडुंगाची फळं. पार्श्वसंगीत नाही, व्हायोलिन नाही, धडधडीची कुठलीच सोय नाही. दोघं झाडाखाली नुसती पडून असतात आणि तुला त्यांच्या श्वासावरून कळतं. आणि त्याची आई! एवढी समंजस, तरी कुठेही थोर न वाटणारी आई मराठी पडद्यावर मी बऱ्याच दिवसांत बघितली नव्हती. हा मात्र मोबाईलवर, भाजी परतता परतता बघू नकोस, हेडफोन लावून नीट बस.

परदेशातले भरभर सांगते. वाँग कार-वाईचा ‘इन द मूड फॉर लव्ह’ (2000): 1962 चं हाँगकाँग, शेजारी राहणारी दोघं, आपल्या जोडीदारांचं एकमेकांशी काहीतरी चालू आहे हे कळलेली. ती रोज रात्री नूडल्स आणायला डबा घेऊन जिना उतरते, तो जिना चढतो. बस, एवढंच. पण काय ते एवढंच! दुसरं म्हणजे रिचर्ड लिंकलेटरचं ‘बिफोर सनराइज’ आणि पुढचे दोन भाग, 1995, 2004 आणि 2013. तीच दोघं, दर नऊ वर्षांनी. पहिल्यात व्हिएन्नात रात्रभर गप्पा. सगळ्या प्रेमवेड्या तिथेच थांबतात. तू तिसऱ्यापर्यंत जा, जिथे हॉटेलच्या खोलीत ती दोघं असं काही भांडतात की शेजारच्या खोलीतून ऐकू यावं. जुळ्या मुली, नोकऱ्या, कुणी कुणासाठी काय सोडलं याची उजळणी.

आता तुझा पाणीपुरवठा.

पत्रात तू त्याच्या सिनेमा न बघण्याला दोन उद्गारचिन्हं आणि त्याच्या मेसेजला एक बंद फोन दिलास, आणि बस सुटेपर्यंत थांबतो ही गोष्ट कंसात टाकलीस. मी कंस आधी वाचते, सवय आहे. तो थांबतो म्हणजे प्रेम आहे, असं मी म्हणणार नाही. घरातलं वळण असेल, सभ्यपणा असेल, त्याला घरी जायची घाई नसेल. पण ते तुला दिसलंय आणि लिहावंसं वाटलंय, एवढं खरं. बस हलल्यावर तू मागे वळून बघतेस का? ते तू लिहिलं नाहीस.

धडधड होत नाही, यात दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. त्याच्या शेजारी बसल्यावर घड्याळाकडे लक्ष जातं, त्याचा हात लागला तर अंग चोरावंसं वाटतं, असं असेल, तर विषय संपला. माणूस कितीही सज्जन असो, ‘चांगला आहे’ या एका कारणावर लग्न करू नये. आई काहीही म्हणोत. पण अंग चोरावंसं वाटत नाही, नुसतं निवांत वाटतं, आणि निवांत वाटणं सिनेमात न दाखवल्यामुळे ते तुला मोजता येत नाही, असंही असू शकतं. ते तुझं तुलाच तपासावं लागेल. माझ्याकडून निकाल मागू नकोस.

तपासायचं कसं, ते सांगते. आतापर्यंतच्या भेटींत बोललीस बहुतेक तूच. पुढच्या भेटीत त्याला त्याचं काम विचार, आणि खरोखर ऐक. गंगापूर धरणातून निघालेलं पाणी तुमच्या नळापर्यंत पोचेस्तोवर कुठे अडतं, कुठे गळतं, उन्हाळ्यात कुठल्या भागातून आधी फोन येतात. बोलताना त्याचा चेहरा उजळला, हातवारे सुरू झाले, तर तुला एक नवा माणूस भेटेल. आणि तुझं बोलणं संपल्यावर तो तुझ्या पतसंस्थेचं काही विचारतो का, मागच्या वेळी सांगितलेलं त्याच्या लक्षात असतं का, ते बघ. ‘रजनीगंधा’तला संजय इथेच मार खातो. दोन-तीन भेटी अशा होऊ देत. तरी आत काहीच हललं नाही, तर स्पष्ट नाही म्हण, लवकर म्हण, आणि कारण म्हणून त्याची सिनेमाची आवड पुढे करू नकोस. बस सुटेपर्यंत थांबणाऱ्या माणसाला महिनोन्‌महिने ताटकळत ठेवायचं नसतं.

त्याला तुझंही थोडं कळू दे. तू सिनेमा बघताना रडतेस, संवाद आधीच पुटपुटतेस, शेवटच्या नावांची पाटी संपेपर्यंत उठत नाहीस, हे लग्नाआधी कळलेलं बरं. तो तुझी चेष्टा करतो, की सहन करतो, की रुमाल पुढे करतो, यावरून ‘डीडीएलजे’च्या अभिप्रायापेक्षा जास्त समजेल.

त्याला पुढचा कुठला दाखवायचा, या प्रश्नाचं उत्तर: कुठलाच नाही. एक तू दिलास, आता पाळी त्याची. आज मेसेज कर, ‘आता तुझ्या आवडीचा सांग, रविवारी बघू.’ काय निवडतो ते बघ, का आवडतो ते विचार. आणि त्यानं धडाधड मोटारी उडणारा, दर दहा मिनिटांनी कुणाचं तरी मुंडकं उडवणारा सिनेमा निवडला, तरी मोबाईल पर्समध्ये ठेव आणि शेवटपर्यंत बस. त्यानंही तीन तास नऊ मिनिटं काढली आहेत.

तुझी,
ताई